ग्रंथाच्या हाती गादी

मंडळी, सुरुवात नामदेवांच्या एका तक्रारीने करतो. ‘हसत खेलत तेरे देहुरे आइआ, भगति करत नामा पकरि उठाइआ.’ आनंदात तुझ्या देवळी आलो, भजन करत होतो, तर नामाला धरून उठवलं. पुढे ते थेट यादवरायालाच विचारतात, माझी जात हीन, मग मला शिंप्याच्या घरी जन्माला तरी कशाला घातलंस? मग घोंगडी उचलतात आणि देवळामागे जाऊन बसतात. नामा गाऊ लागला तसं देऊळ त्याच्याकडे फिरलं. आपल्याकडे ही गोष्ट औंढा नागनाथची म्हणून सांगतात. इथून, नांदेडहून, फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. पदात मात्र गावाचं नाव नाही.

हे पद शिखांच्या धर्मग्रंथात, गुरू ग्रंथसाहिबात आहे, भैरव रागात. नामदेवांची ६१ पदं तिथे आहेत, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. २०१५ साली पंजाबात, नामदेवांच्या घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा आपण त्याचा पुष्कळ अभिमान बाळगला. पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटते. ज्याला देवळातून उठवलं त्याची तक्रार, कसलीही काटछाट न करता, ज्या ग्रंथापुढे अख्खा पंथ माथा टेकतो त्या ग्रंथात ठेवलेली आहे. रणजितसिंह महाराजांनी माथा टेकला तो नामदेवांच्या, रविदासांच्या, कबीरांच्या शब्दांपुढेही टेकला. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहिला, आणि अमृतसरच्या हरमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, त्याची स्थापना झाली. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भगतांची वाणी आहे. कोणी विणकर, कोणी चांभार, धन्ना जाट, सैन न्हावी, सधना खाटीक. आणि शेख फरीद, म्हणजे मुसलमान सूफी.

फरीदांपाशी जरा थांबू या. सहिष्णुता म्हटलं की आपण ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून मोकळे होतो. त्यात कष्ट नाहीत. ग्रंथात वेगळंच घडतं. फरीद म्हणतात, माझं शरीर तंदूरसारखं तापतंय, हाडं सरपणासारखी जळताहेत, पाय थकले तर डोक्यावर चालेन, प्रियकर भेटावा म्हणून. लगेच पुढचा श्लोक गुरू नानकांचा. शरीर तंदूरसारखं तापवू नकोस, हाडांचं सरपण करू नकोस. डोक्याने आणि पायांनी काय घोडं मारलंय? आत पाहा, तो तिथेच आहे. हा स्पष्ट मतभेद आहे, आणि तो शेजारी शेजारी छापला जातो. फरीदांचा श्लोक गाळणं सोपं होतं. नानकांचं उत्तर गाळणंही सोपं होतं. दोन्ही ठेवलं. मला तरी शीख सहिष्णुतेचा याहून चांगला पुरावा माहीत नाही.

दुसरा पुरावा रक्ताचा आहे. गुरू नानकांनी जानवं नाकारलं. दयेचा कापूस, संतोषाचं सूत असं जानवं असेल तर घाल, असं त्यांनी पुरोहिताला सुनावलं. आणि १६७५ साली त्यांच्या गादीवरच्या नवव्या गुरूंनी, तेगबहादुरांनी, दिल्लीच्या चांदणी चौकात शिर दिलं, ते काश्मिरी पंडितांच्या टिळ्या-जानव्यासाठी, असं परंपरा सांगते. स्वतःला न पटणारी खूण दुसऱ्याला बाळगता यावी म्हणून!

आता अधिकाराकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. लंगर, पंगत, समता हे सगळं आपण सद्भावनेच्या खात्यात टाकतो. मला वाटतं, ती मुळात अधिकाराची मांडणी आहे. निवाडा कोणी करायचा, हे आधी ठरलं. कोण कोणाशेजारी बसणार, हे त्यातून आलं.

१६९९ ची वैशाखी, खालसा पंथ स्थापन झाला तो दिवस, तुम्हाला पाठ आहे. आनंदपूरला गुरूंनी शिर मागितलं तेव्हा पाच जण उठले, त्यात द्वारकेचे मोहकमचंद आणि आपल्या शेजारच्या बिदरचे साहिबचंद. त्यांना अमृत, म्हणजे खालसाची दीक्षा, दिल्यावर दहाव्या गुरूंनी, गुरू गोबिंदसिंहांनी हात जोडून त्याच पाचांकडे स्वतःसाठी अमृत मागितलं. पुढे चमकौरच्या गढीत वेढा पडला, तेव्हा पाच शिखांनी गुरूंना बाहेर पडण्याचा हुकूम केला, आणि गुरूंनी तो पाळला. गुरूला हुकूम करणारा शिष्य! आपल्याकडच्या गुरुबाजीत हे जरा घालून बघा.

मग १७०८, आणि हेच नांदेड. गुरूंनी ग्रंथाला गुरुपद दिलं. कोणी म्हणतं, चारही मुलगे गेले होते, वारस उरला नाही, म्हणून. मला हे पटत नाही. नानकांना दोन मुलगे होते, तरी गादी दिली लहिणांना, म्हणजे अंगददेवांना. अंगददेवांनी ती अमरदासांना दिली, त्यांनी जावयाला. पोटचा मुलगा नसला तर लायक शिष्य निवडण्याचा रस्ता पहिल्या गुरूपासून उघडा होता. दहाव्या गुरूंनी तो बंद केला, तो विचारपूर्वक.

पण ग्रंथ स्वतः बोलत नाही. कोणीतरी उघडावा लागतो, वाचावा लागतो. तिथे माणूस परत आत येतो, त्याच्याबरोबर त्याची जातही येते. म्हणून १९२० ची गोष्ट सविस्तर सांगतो.

तेव्हा दरबार साहिबचा, म्हणजे हरमंदिर साहिबाचा, व्यवस्थापक इंग्रज सरकार नेमत असे. ऑक्टोबरात जालियनवाला बागेत ‘खालसा बिरादरी’चा मेळावा भरला. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या लोकांनी अमृत घेतलं, आणि १२ तारखेला ते कडाह प्रसाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, घेऊन हरमंदिर साहिबात आले. पुजाऱ्यांनी प्रसाद घ्यायला आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला नकार दिला. वाद झाला. शेवटी ठरलं की ग्रंथसाहिब उघडायचा, जो हुकूम येईल तो मान्य. पान उघडलं. सोरठ रागात गुरू अमरदासांचं वचन आलं: गुणहीनांनाही तो स्वतःच क्षमा करतो, भाई, आणि सद्गुरूच्या सेवेत लावतो.

पुजाऱ्यांनी अरदास केली, प्रसाद वाटला. मग जमाव समोरच्या अकाल तख्ताकडे, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे गेला, तर तिथले पुजारी तख्त सोडून निघून गेले होते! रिकामं तख्त शिखांनी ताब्यात घेतलं. नोव्हेंबरात गुरुद्वारांचा कारभार पाहायला शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि मोर्चे, तुरुंगवास, बळी यांच्या पाच वर्षांनंतर १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला. आज जी संस्था एवढी बलाढ्य दिसते, तिचा उगम शिवाशिवीच्या त्या भांडणात आहे.

निवडून आलेल्या समितीने धर्मस्थळं चालवायची, ही कल्पना त्या काळात मोठीच. पण निवडणूक आली की पक्ष येतो. डिसेंबर २०२४ मध्ये अकाल तख्ताने शिरोमणी अकाली दलाचे नेते, पंजाबचे माजी उपमुख्यमंत्री सुखबीरसिंग बादल यांना तनखा, म्हणजे धार्मिक शिक्षा दिली. गळ्यात पाटी, हातात भाला, दरबार साहिबच्या दारात सेवादार म्हणून बसायचं, भांडी घासायची. तिथेच त्यांच्यावर गोळी झाडली गेली, ते बचावले. सत्ता भोगलेल्या नेत्याला चपलांजवळ बसवण्याची ताकद आज दुसऱ्या कुठल्या धर्मपीठात आहे, सांगा. पण नंतरच्या काही महिन्यांत, शिक्षा सुनावणाऱ्या पाचांपैकी तिघा जथेदारांना, म्हणजे तख्तांच्या प्रमुखांना, शिरोमणी समितीच्या कार्यकारिणीने पदावरून दूर केलं. त्या समितीत बहुमत बादलांच्याच अकाली दलाचं. कारणं वेगवेगळी दिली गेली. निवाडा करणाऱ्याची नेमणूक ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध तो किती काळ निवाडा करू शकतो, हा पेच त्यातून उघडा पडला.

जातीचंही तसंच. पंजाबातल्या कित्येक गावांत जाटांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या, शिखांचा वेगळा, स्मशानंही वेगळी. ग्रंथ दोन्हीकडे तोच. (बाबासाहेब १९३६ साली अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते, मुंबईचं खालसा कॉलेज त्याच संबंधातून पुढच्या वर्षी उभं राहिलं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.)

आणि सगळीकडे एकच रीत आहे असंही नाही. आपल्या नांदेडच्या हजूर साहिबात दहाव्या गुरूंच्या नावाच्या दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडला जातो, अमृतसरला होत नाही. इथला कारभार १९५६ च्या वेगळ्या कायद्याने चालतो, शिरोमणी समितीच्या हाताखाली नाही.

आता एक चिठ्ठी आली आहे, बायकांबद्दल. १९४५ ची रहित मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, बाईला अमृत देणाऱ्या पाचांतही बसू देते. १९९९ साली बीबी जागीर कौर शिरोमणी समितीच्या अध्यक्ष झाल्या. तरी हरमंदिर साहिबाच्या आत कीर्तनाला रागी, म्हणजे गायक, पुरुषच बसतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंजाब विधानसभेने ठराव करून ही प्रथा बदलण्याची विनंती केली. पण तिथे कोणी गायचं, हे ठरवणं विधानसभेच्या हातात नाही. ते शिरोमणी समितीच्या आणि अकाल तख्ताच्या हातात आहे. आणि त्या समितीला मत देण्याचा हक्क बायकांना १९२५ पासून आहे.