पास सुटण्याआधीची धाव

(दृश्य: लंडन स्टेडियम, ७ ऑगस्ट २०२२)

वेस्ट हॅम विरुद्ध मँचेस्टर सिटी. सिटीचा नवा स्ट्रायकर (गोल मारणं हेच ज्याचं मुख्य काम) एर्लिंग हालँड, त्याचा प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधला पहिलाच सामना. पेनल्टीवर एक गोल मारून झालाय. ६५वं मिनिट. चेंडू सिटीचा मिडफिल्डर (मैदानाच्या मध्यात खेळणारा) केव्हिन डी ब्रुयनेकडे येतो...

(चित्र थांबतं)

चेंडूकडे बघू नका. तिकडे सगळेच बघतायत, वेस्ट हॅमचे बचावपटूसुद्धा. हालँडकडे बघा. पास अजून सुटलेला नाही आणि हा गडी पळायला लागलाय.

(चित्र पुढे सरकतं)

बचावफळी चिरून चेंडू पुढे येतो. हालँडला ना थांबावं लागतं, ना पाऊल आखडावं लागतं. डावा पाय, गोल.

डी ब्रुयनेला चेंडू घोळवत बसायची सवयच नाही. उजवीकडे, विंगर (कडेने खेळणारा) आणि मिडफिल्डच्या मधल्या पट्ट्यात चेंडू मिळाला की मान एकदा वर करायची आणि पास मारायचा. तोही स्ट्रायकरच्या पायात नाही, तर दोन क्षणांनी तो जिथे पोहोचणार आहे तिथे. गोलकीपरने पुढे यावं की थांबावं, हे ठरेपर्यंत चेंडू त्याच्या आणि बचावपटूंच्या मधून निघालेला असतो.

आता तेव्हाच्या सिटी संघातल्याच बर्नार्डो सिल्वाचा खेळ आठवा. तो वळेल, थांबेल, दोघांना अंगावर घेईल, पुन्हा मागे देईल. बघायला देखणं, आणि चेंडू काही केल्या हातचा, म्हणजे पायचा, जात नाही. पण तेवढ्या वेळात समोरचा संघ आपल्या बॉक्सपाशी (गोलसमोरच्या चौकोनापाशी) परतलेला असतो. हालँडला पळायला जागा उरत नाही. मग गर्दीत खांद्याला खांदा लावून क्रॉसची, म्हणजे कडेने येणाऱ्या पासची, वाट बघायची. गोल तिथूनही होतात, पण त्यांची जात वेगळी.

(दृश्य: आकड्यांचा फलक)

२०२१-२२ च्या मोसमात सिटीकडे बॉक्समध्ये ठाण मांडणारा स्ट्रायकर नव्हता. त्यामुळे डी ब्रुयने स्वतःच आत घुसायचा: लीगमध्ये १५ गोल, ८ असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास). पुढच्या मोसमात हालँड आला आणि पारडं फिरलं: ७ गोल, १६ असिस्ट. हालँडचे ३६ गोल हा एका मोसमातला लीगचा विक्रम, त्याचा गाजावाजा झाला. मला मात्र हे १५ चे ७ जास्त बोलके वाटतात.

अर्थात, सगळं श्रेय पासला देऊन चालणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्नलीच्या मैदानावर डी ब्रुयनेचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावला आणि तो काही महिने बाहेर बसला. तरी त्या मोसमात २७ गोलांसह हालँडच लीगचा टॉप स्कोअरर ठरला. भुकेला माणूस कुठूनही जेवतो.

पण २७ फेब्रुवारी २०२४ ची रात्र बघा. एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, ल्यूटनचं चिमुकलं मैदान केनिलवर्थ रोड. सिटी ६, ल्यूटन २. हालँडचे एकट्याचे ५ गोल, आणि त्यातल्या चारांचा पास डी ब्रुयनेचा.

(दृश्य: सिटीचं घरचं मैदान एतिहाद स्टेडियम, २६ एप्रिल २०२३)

आणि हा माझा आवडता सामना, त्याच्या दहा महिने आधीचा. आर्सेनल समोर, किताबाची शर्यत ऐन रंगात. बचावफळीच्या पाठीमागे पळणाऱ्या हालँडची धास्ती एवढी, की बचावपटू त्याला चिकटूनच उभे. मग हालँड पळालाच नाही. सातव्या मिनिटाला मागून लांब चेंडू आला. त्याने गोलकडे पाठ केली, बचावपटूला पाठीवर तोलून धरलं आणि चेंडू बाजूला सरकवला.

मोकळ्या जागेत धावत सुटला होता डी ब्रुयने. गोल.

५४व्या मिनिटाला पुन्हा तेच. पास हालँडचा, गोल डी ब्रुयनेचा.