दहा दिवसांची वाट

[दृश्य: डिसेंबरची सकाळ, नदीकाठ]

ही डेलावेअर नदी. अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. जॉर्ज वॉशिंग्टन होडीतून ती पार करतोय, त्या प्रसिद्ध चित्रात ती समुद्राएवढी दिसते. इथे मात्र पैलतीरावरची घरं स्पष्ट दिसतात. आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात त्या एडिसनहून जेमतेम तासाभराचा रस्ता. उद्यानाचं नाव वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्क.

25 डिसेंबर 1776. ब्रिटिशांविरुद्ध अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून सहा महिनेही झाले नव्हते, आणि न्यूयॉर्क हातचं गेलेलं. वॉशिंग्टनचं सैन्य मागे हटत हटत नदीपार पेनसिल्व्हेनियात गेलेलं. आता पुन्हा इकडे येऊन ट्रेंटन गावावर हल्ला करायचा होता. बऱ्याच सैनिकांच्या नोकरीची मुदत 31 डिसेंबरला संपत होती. म्हणजे हातात आठवडाही नव्हता.

[दृश्य: होडीची प्रतिकृती]

पैलतीरावरच्या उद्यानात या होड्यांच्या प्रतिकृती आहेत. लांबलचक, चपट्या तळाच्या, एरवी लोखंड वाहणाऱ्या. नदीत बर्फाचे तुकडे, वरून गारठलेला पाऊस, आणि अशा रात्री 2,400 माणसं आणि 18 तोफा पार करायच्या. होड्या हाकल्या त्या मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावच्या मासेमारांनी. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला, त्यांच्या हातात त्या रात्री एक अख्खं बंड होतं. मध्यरात्रीपर्यंत सगळे पार व्हायचे होते. शेवटची तोफ उतरेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

[दृश्य: झाडांमधून जाणारी वाट]

काठाजवळचं हे जॉन्सन फेरी हाऊस तेव्हाही इथेच होतं. त्याच्या मागून निघणाऱ्या वाटेला आज कॉन्टिनेन्टल लेन म्हणतात. गाडी लावून ठेवा आणि इथे चाला. पायाखाली ओला पाचोळा, चढ अगदी थोडा. पण भिजलेल्या कपड्यांनी, अंधारात, पुढे ट्रेंटनपर्यंत 9 मैल चालायचं, हे वाचून कळत नाही. बोटं बधिर झाली की थोडंफार कळतं.

ट्रेंटनला ब्रिटिशांच्या पदरी असलेले भाडोत्री जर्मन सैनिक होते. सकाळी आठच्या सुमारास हल्ला झाला आणि थोड्याच वेळात सुमारे 900 जण कैद झाले.

आता ब्रिटिश सेनापती चालून आला. नाव ओळखीचं आहे: कॉर्नवॉलिस. आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या कायमधारा पद्धतीचा कॉर्नवॉलिस तो हाच. पुढे 1792 मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला मराठी फौजा याच्याच सोबतीला होत्या. 2 जानेवारी 1777 च्या संध्याकाळी त्याने वॉशिंग्टनला ट्रेंटनच्या ओढ्यापाशी गाठलं, आणि निकाल उद्या लावू म्हणून थांबला. रात्री पलीकडे शेकोट्या पेटत होत्या. पेटत्याच राहिल्या. तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळून सैन्य आडवाटेने केव्हाच निसटलं होतं. वॉशिंग्टनने त्याला चक्क कात्रजचा घाट दाखवला!

[दृश्य: प्रिन्स्टनचं मोकळं मैदान]

ते सैन्य उजाडता उजाडता इथे पोचलं. प्रिन्स्टन बॅटलफिल्ड स्टेट पार्क. नुसतं गवत आहे, आणि मला तेच आवडतं. नजर अडत नाही. ब्रिटिशांशी झालेल्या लढाईत वॉशिंग्टनचे जनरल ह्यू मर्सर याच मैदानात संगिनींनी घायाळ झाले. पेशाने डॉक्टर, जन्माने स्कॉटिश. समोरच्या पांढऱ्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांना नेलं आणि नऊ दिवसांनी, 12 जानेवारीला, तिथेच ते गेले. त्यांच्या नावाचा जुना ओक वृक्ष 2000 सालापर्यंत या मैदानात उभा होता. तो कोसळला, पण त्याच्याच बीजाचं झाड आज इथे वाढतं आहे.

[दृश्य: मैदानाच्या कडेचे दगडी खांब]

या खांबांच्या पलीकडे थोडं चालत या. इथे पायातले बूट आपोआप हळू पडतात. एकाच जागी पुरलेले सैनिक आहेत: 21 ब्रिटिश, 15 अमेरिकन.