पाणी यायच्या आत

(पहाटे सव्वाचार. कळव्याचा खाडीपूल. दिव्यांच्या पिवळ्या रांगेखालून एक आकृती कॅमेऱ्याकडे येते. छातीवरची पट्टी चमकते, विझते, पुन्हा चमकते.)

खाडीला भरती आहे. शेजारच्या रेल्वेपुलावरून पहाटेची लोकल खडखडत जाते. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी रूळ ही खाडी ओलांडून कल्याणला पोचले. तेव्हापासून या खाडीवरून जो तो घाईतच जातो. हिची घाई परतण्याची आहे. पाच पस्तीसला तिच्या इमारतीत नळाला पाणी येतं आणि सव्वासहाला जातं.

(जवळून: बुटांचा आवाज, श्वास. मनगटावरचं घड्याळ.)

वय एक्केचाळीस. नाव सांगू नका, असं तिने पहिल्याच भेटीत बजावलं. "पेशंट लोक रक्त द्यायचं सोडून गप्पाच मारत बसतील." नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे तिचं काम. तिला आजवर मॅरेथॉनला लागलेला सर्वांत कमी वेळ तीन तास बावन्न मिनिटं. आता तीन चाळीस हवे आहेत. ४२.१९५ किलोमीटरवर बारा मिनिटं म्हणजे दर किलोमीटरला सतरा सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पळून बघावं.

(मासुंदा तलाव. अंधारात कोपिनेश्वराचं शिखर, पलीकडे गडकरी रंगायतन. ती वेग वाढवते, कमी करते, पुन्हा वाढवते.)

मंगळवार वेगाचा. तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं आठ वेळा. पुस्तकातल्या वेळापत्रकांत इथे आठशे मीटर, हजार मीटर असं अंतर लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याने ट्रॅक गृहीत धरलेला असतो. तिच्याकडे तलावपाळीचा रस्ता आहे, झोपलेली कुत्री आहेत आणि नारळपाण्याच्या झाकलेल्या गाड्या आहेत. म्हणून ती अंतराऐवजी वेळ धरते. गुरुवारी पंचवीस मिनिटं एका लयीत, एखाददुसरा शब्दच बोलता येईल अशी. बाकीचे दिवस इतकं हळू, की शेजारून चालणाऱ्या काकांना उलटं नमस्कार करता येतो. हे हळू पळणंच तिला सर्वांत उशिरा जमलं. वेळ कमी मिळतो म्हणून प्रत्येक दिवस जोरात पळायचं, ही चूक तिने तीन वर्षं केली. गेल्या वर्षी नडगीच्या हाडाला ताणाने बारीक चीर गेली, सात आठवडे पळणं बंद झालं.

(स्वयंपाकघर. भिंतीवरचं कॅलेंडर. कॅमेरा चौकटींवरून सरकतो.)

हे पान नीट पाहा. निळ्या शाईत दुधाचा हिशेब. पेन्सिलीने 'प', 'दु', 'रा': नवऱ्याच्या पाळ्या, पहिली, दुसरी, रात्रपाळी. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. हिरव्या टिंबांत मुलाच्या दहावीच्या चाचण्या. आणि लाल आकडे तिचे: ८, १२, ८, ३०. सगळं लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत लाल आकडा जातो. त्याची जागा कधी आधी ठरत नाही.

एक आकडा मात्र हलत नाही. बुधवारचा. सगळं जग लांब पल्ला रविवारी पळतं. हिचा रविवार सर्वांत गर्दीचा, कारण नोकरदार माणसं त्याच दिवशी घरी सापडतात. सुट्टी बुधवारी. म्हणून तीस किलोमीटर बुधवारी, आणि एकटीने.

(उपवन तलाव, फटफटतंय. येऊरच्या पायथ्याचा चढ. झाडांत धुकं. दुरून घेतलेलं लांब दृश्य.)

कळवा, तलावपाळी, उपवन, येऊरच्या चढाला एक हात लावायचा, मग उरलेलं अंतर तलावाभोवती. कमरेच्या पट्ट्यात खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि कोकम-साखर-मीठ घातलेली बाटली. दर पाऊण तासाला काहीतरी पोटात, भूक लागो न लागो. ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि नाडी त्याच वेगाला जास्त धावते. ऑक्टोबरात ती घड्याळातला वेग बघतच नाही, नाडीचे ठोके बघते. संकष्टी बुधवारी आली तर? आम्ही विचारलंच. उत्तर आदल्या रात्रीच्या पातेल्यात होतं: साबुदाण्याची खिचडी. भरपूर पिष्ट, वर शेंगदाणे. पळणाऱ्याला याहून काय हवं!

(पाण्याचा पिंप. नळाखाली पाइप. सासूबाईंचे हात. मागे कुकरच्या शिट्ट्या, मुलगा गॅस बारीक करतो.)

बुधवारी पाणी सासूबाई भरतात. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, म्हणून बादल्यांऐवजी पाइप आणला. मंगळवारी-गुरुवारी मुलगा भरतो, आणि भात-वरणाचा कुकर लावतो. नवरा पहिल्या पाळीला असेल तर डब्यांची भाजी आदल्या रात्रीच चिरून-निवडून ठेवलेली. हे सगळं आपोआप झालं नाही. मुलाला कुकर शिकवायला दोन रविवार गेले, त्याने एकदा पाणी न घालताच लावला होता. घरात यावरून शब्दाला शब्दही लागले. आता चालतं.

चार दिवसांच्या चित्रीकरणात ती ताटावर बसून जेवताना एकदाच दिसते. तेही आम्ही जेवायला बसलो होतो म्हणून.

(नौपाड्यातली जुनी इमारत. लाकडी जिना. खांद्याला बॅग. बर्फाची पिशवी, नळ्यांची टोपणं.)

पावणेसातला पहिला जिना. लिफ्ट नाही. जांभळ्या टोपणाची नळी रक्तघटकांसाठी, करडी साखरेसाठी. एक नमुना उपाशीपोटी, दुसरा खाल्ल्यावर दोन तासांनी. एवढं वाक्य ती सकाळभरात वीस वेळा बोलत असेल. याच दोन तासांत तिचा दिवस तगतो. मधली घरं कमी असतील तर ती चरईत आईकडे जाते आणि चाळीस मिनिटं झोपते.

(चरई. जमिनीवर चटई. ती झोपली आहे, बूट पायातच. आई पंखा वाढवते आणि दार हळूच लोटून घेते.)

(तिचा स्वतःचा रिपोर्ट, दोन आकड्यांखाली रेघ.)

दुसऱ्यांचं रक्त काढणाऱ्या बाईने स्वतःचं तपासलं, ते नडगी बरी झाल्यावर. हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन ११. तिने आम्हाला समजावलं ते असं: हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, फेरिटिन, शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे कणगीतलं धान्य. डबा जेमतेम भरलेला दिसतो, कणगी कधीच तळाला गेलेली असते. लांब पल्ला पळणाऱ्या बायकांमध्ये हे पुष्कळ आढळतं. पाळीत लोह जातं, घामात थोडं जातं, तळव्याच्या सततच्या आपटण्याने काही तांबड्या पेशी फुटतात, आणि जोराच्या पळण्यानंतर काही तास आतडं लोह नीट शोषत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणाला लागून चहा बंद. अळिवाचे लाडू सासूबाईंनी सुरू केले. चहाचं दुःख तिला गोळ्यांपेक्षा मोठं.

(रविवार, सकाळी सात. तलावपाळी. एकसारख्या टी-शर्टांतला धावणाऱ्यांचा गट, वाफाळते कप, हशा. मागून स्कूटीवर, बॅग अडकवून, ती जाते.)

हा तिचाच गट. ऑगस्टच्या पावसात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन होते, तिच्या एकवीस किलोमीटरला ती यांच्याबरोबरच उतरली होती. रविवारचं पळणं झालं, की चहा, कांदेपोहे आणि तासभर चर्चा: कुठला बूट, कुठलं घड्याळ. बहुतेक पुरुष. मग फोटो. वर्षभराचे फोटो आम्ही चाळले. ती कुठल्याच फोटोत नाही. आमच्या या दृश्यात मात्र आहे, डावीकडून उजवीकडे, तीन सेकंद.

(मोबाइलवरचं हलतं चित्रण. गर्दी, ढोल, उन्हाचा झोत.)

जानेवारीतला तिसरा रविवार. मुंबई मॅरेथॉन, पेडर रोडचा चढ, शेवटचा टप्पा. मुलाने घेतलेले हे अकरा सेकंद. बाकी शर्यतीचं चित्रण आमच्याकडे नाही. तीन तास त्रेचाळीस मिनिटं.

(सोमवार. नौपाड्यातला तोच लाकडी जिना. ती कठडा धरून, एकेक पायरी, आडव्या पावलाने चढते आहे. दार उघडतं.)

"पोरी, लंगडतेस का गं?"

"काही नाही हो आजोबा. रात्रीपासून काही खाल्लं नाहीत ना?"

(आजोबांचा हात उशीवर. दंडाला पट्टा. करड्या टोपणाची नळी.)

"आवळा मूठ."