हात हलवायच्या आधी मेंदूतली लहर गप्प का होते?

नमस्कार मंडळी! 'अल्फा वेव्ह म्युझिक, अभ्यासात लक्ष लागेल' असे आठ-आठ तासांचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील, खाली कमेंटमध्ये कोणीतरी असतोच, भावा एका रात्रीत सगळा सिलॅबस झाला. आता गंमत बघा, ही अल्फा म्हणजे मेंदूतल्या विजेची एक लहर, ती जोरात दिसते कधी, तर तुम्ही डोळे मिटून निवांत बसता तेव्हा. डोळे उघडून काहीतरी नीट बघायला लागलात की ती पडते.

हे पहिल्यांदा बघितलं हान्स बर्गरने, जर्मनीत येना गावात. १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिलं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, घेतलं आणि छापलं थेट १९२९ मध्ये, पाच वर्षं हा माणूस स्वतःवरच शंका घेत होता, पोरालाही बसवलं प्रयोगाला. आणि या नादाला लागला कशामुळे, तर तरुणपणी लष्करात घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार, बरा आहेस ना म्हणून, कारण बहिणीला उगाच वाईट वाटायला लागलं होतं. त्याला टेलिपथी शोधायची होती! ती काय सापडली नाही, सेकंदाला साधारण १० वेळा वरखाली होणारी लहर सापडली.

मग डोळे उघडल्यावर ती का पडते? ईईजीला एकेक पेशी ऐकू येत नाही, लाखो पेशी एकदम एका तालात असल्या तरच काहीतरी उमटतं. पुण्यात नदीपात्रात ढोल पथकाची प्रॅक्टिस ऐकलीये ना, सगळे एका ठेक्यात असले की पार पलीकडच्या पेठेत आवाज, आणि ब्रेकमध्ये जो तो आपलं आपलं वाजवायला लागला की लांबून नुसती कुरकुर. वाजवणारे तेवढेच आहेत. तसंच इथे, पेशी कामाला लागल्या की ताल मोडतो आणि लहर बारीक होते. त्यामुळे मोठी लहर म्हणजे मेंदू जोरात चाललाय, हे डोक्यातून काढून टाका.

अल्फा दिसण्यात काय करते, त्याचं एक उदाहरण सांगतो. स्क्रीनवर एकदाच लाइट चमकवायचा आणि त्याच वेळी पटकन दोन बीप वाजवायचे, बऱ्याच जणांना लाइट दोनदा चमकलेला दिसतो, अगदी शपथेवर सांगतात. दोन बीपमधलं अंतर वाढवत नेलं की हा भास जातो. २०१५ च्या एका अभ्यासात असं आलं की ज्यांची अल्फा संथ, त्यांना जास्त अंतरावरही भास होतो, म्हणजे १० हर्ट्झची, सेकंदाला १० वेळा वरखाली होणारी लहर असेल तर साधारण १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यातलं मेंदू एकत्र धरतो. ऐकायला भारी आहे, पण नंतरच्या काही प्रयोगांत हे एवढं स्वच्छ आलं नाही, त्यामुळे मी यावर पैज लावणार नाही.

हालचालीचं मात्र बरंच पक्कं आहे. तिथली लहर बीटा, १३ ते ३० हर्ट्झ. तुम्ही चहाचा कप उचलायच्या साधारण सेकंदभर आधीपासूनच ती पडायला लागते, हात अजून जागेवरच असतो बरं का, आणि उचलून झाला की ती उसळून परत येते. १९४९ मध्ये जॅस्पर आणि पेनफिल्ड या मेंदूतज्ज्ञांनी कॅनडात मॉन्ट्रियलमध्ये ऑपरेशन चालू असताना, पेशंट जागा, मेंदू उघडा, थेट तिथून ही लहर घेतली. मूठ आवळ म्हटलं, लहर गायब. पण मूठ तशीच आवळून ठेवली तर? लहर परत! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण स्नायू तर अजून ताणलेलेच आहेत, फक्त बदल थांबलाय. म्हणजे बीटाचं म्हणणं बहुतेक एवढंच, की आहे तसं राहू दे.

आता ही लहर हटायलाच तयार नसेल तर काय होईल? पार्किन्सन्स, म्हणजे हालचाल बिघडवणारा मेंदूचा आजार, त्यात डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं आणि मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणून एक छोटा भाग आहे तिथे बीटा नको इतकी वाढते. खुर्चीतून उठायचंय, मनात पक्कं आहे, पण शरीर निघतच नाही. डोपामिनची कमी भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी लागू झाली की बीटा उतरते आणि अंग मोकळं होतं. थरथरीशी मात्र तिचा असा सरळ संबंध दिसत नाही, ती ४ ते ६ हर्ट्झची, वेगळं प्रकरण; बीटा जास्त करून ताठरपणा आणि संथपणाबरोबर येते.

म्हणूनच डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून सेकंदाला साधारण १३० वेळा बारीक करंट द्यायचा, त्यानेही बीटा दबते. जुनं मशीन लावलेल्या सेटिंगवर दिवसभर तोच करंट देत बसायचं. आता असं आलंय की त्याच तारेतून बीटा ऐकायची, वाढली की करंट वाढवायचा, उतरली की कमी करायचा. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये त्याला मंजुरी दिली. पण घरात कोणाला पार्किन्सन्स असेल तर हा व्हिडिओ बघून गोळ्यांना हात लावू नका, ऑपरेशन प्रत्येकाला चालत नाही आणि ज्यांचं होतं त्यांच्याही गोळ्या बहुतेक वेळा कमी होतात, बंद नाही होत.