पस्तिशीपर्यंतचा करार

मंडळी, फ्रेंच फुटबॉल म्हटलं की प्लातिनी, झिदान, एम्बापे ही नावं पटापट येतात. रेमों कोपा मात्र सहसा कुणाला आठवत नाही. आज त्याच्याबद्दल बोलू, आणि त्याच्या गोलांपेक्षा जास्त त्याच्या करारांबद्दल.

कोपा 1931 साली जन्मला तो उत्तर फ्रान्सच्या कोळसापट्ट्यात. घराणं पोलंडहून आलेलं, मूळ आडनाव कोपाशेव्हस्की. पोराला विजेचं काम शिकायचं होतं, पण खाणकामगाराच्या पोराला, त्यात असल्या आडनावाच्या, तशी नोकरी देतंय कोण? चौदाव्या वर्षी तोही खाणीत उतरला. जमिनीखाली सहाशे मीटरवर कोळशाच्या गाड्या ढकलायच्या. तिथल्याच एका अपघातात त्याच्या डाव्या हाताचं बोट गेलं.

फुटबॉलनं त्याला तिथून वर काढलं. आधी आंजे हा क्लब, मग 1951 पासून रेंस. अंगकाठी लहान, पण चेंडू पायाला चिकटलेला. फार ड्रिब्लिंग करतो, म्हणजे चेंडू पायात खेळवत समोरच्यांना चकवत राहतो, म्हणून टीका व्हायची. प्रशिक्षक अल्बेर बातो यांनी उलट सांगितलं, ड्रिब्लिंग थांबवलंस तर संघाबाहेर बसवीन! असा प्रशिक्षक मिळायला नशीब लागतं.

1956 साली युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, पहिलीवहिली फायनल पॅरिसला झाली. रेआल माद्रिदनं रेंसला 4-3 असं हरवलं. गंमत म्हणजे कोपा त्या दिवशी रेंसकडून खेळत होता आणि त्याचं माद्रिदला जाणं आधीच ठरलेलं होतं. माद्रिदमध्ये मधली जागा क्लबचा मोठा तारा दि स्तेफानो याची, म्हणून कोपाला उजव्या बगलेवर जावं लागलं. तिथे तीन वर्षांत तीन युरोपियन कप. 1959 ची फायनल पुन्हा रेंसविरुद्धच होती, आणि ती जिंकून तो रेंसलाच परतला.

1958 चा स्वीडनमधला वर्ल्ड कप फ्रान्सच्या फोंतेनच्या 13 गोलांसाठी लक्षात राहिला. त्या गोलांमागची आखणी बरीचशी कोपाची होती. माझ्या मते ती स्पर्धा कोपाचीही तितकीच आहे. फ्रान्स तिसरा आला आणि त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कोपाला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला फ्रेंच खेळाडू.

आता मुद्द्याचं. त्या काळी फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडूनं एकदा सही केली की तो वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबचा. विकायचा, ठेवायचा, कुठे पाठवायचा, सगळं क्लब ठरवणार. खेळाडूला विचारायचं कारणच नाही. 1961 साली खेळाडूंची संघटना उभी राहिली, त्यात फोंतेनबरोबर कोपाही होता. मग 1963 मध्ये त्यानं एका वृत्तपत्रात जाहीरपणे म्हटलं, फुटबॉलपटू हे गुलाम आहेत.

गहजब झाला. युरोपातला सर्वोत्तम ठरलेला, पैसा मिळवलेला माणूस स्वतःला गुलाम कसा म्हणवतो, असा प्रश्न आला. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तक्रार पगाराची नव्हतीच, आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घ्यायचा की नाही याची होती. आणि कोपासारख्या नावाजलेल्या माणसानं बोलल्याशिवाय दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचं ऐकलं कुणी असतं? फ्रेंच फुटबॉल फेडरेशननं त्याला बंदीची शिक्षा सुनावली, तीही निलंबित, म्हणजे लगेच लागू न होणारी.

ठरावीक मुदतीचा करार फ्रान्समध्ये आला 1969 साली. कोपाची व्यावसायिक कारकीर्द तोवर संपली होती. त्याचा लाभ पुढच्यांना झाला. वर्षभरानं, 1970 मध्ये, सरकारनं कोपाला लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला, आणि तो मिळवणाराही तो पहिलाच फुटबॉलपटू.