प्रशियाची मुलकी पदकं: ओळखायची कशी, जमवायची कशी

नमस्कार मंडळी. प्रशिया (जर्मनीतलं जुनं राज्य) आणि पदक हे शब्द जोडीनं उच्चारले की बहुतेक संग्राहकांच्या डोळ्यांपुढे १८१३ चा लोखंडी क्रॉस येतो, नाहीतर निळ्या मिन्याचा ‘पूर ल मेरीत’. त्या दोन लष्करी सन्मानांना आज बाजूला ठेवू. त्यांच्यावर ढिगानं लिहिलं गेलंय आणि त्यांच्या नकलाही ढिगानंच निघाल्यात. मला बोलायचंय ते शाळामास्तर, टपालवाले, वनरक्षक, कारखान्यातले मुकादम अशा माणसांच्या छातीवर लागलेल्या पदकांबद्दल.

यातलं मुख्य पदक म्हणजे ‘आल्गेमाइनेस एरेनत्साइखन’, आपण त्याला सर्वसाधारण मानचिन्ह म्हणू. फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा यानं १८१० मध्ये ते सुरू केलं. काळ लक्षात घ्या. १८०६ मध्ये नेपोलियननं प्रशियाचं सैन्य धुळीला मिळवलेलं, निम्मा मुलूख गेलेला, खजिना रिकामा. अशा राजाकडे लोकांना द्यायला जहागिरी नव्हत्या. त्याच वर्षी त्यानं लाल गरुड या सन्मानाचे तीन वर्ग केले आणि जे त्या वर्गांत बसणार नाहीत त्यांच्यासाठी हे मानचिन्ह काढलं. म्हणजे जन्मापासूनच ते उतरंडीतली खालची पायरी होतं. ही उतरंड ज्याला कळली त्याला पदकं कळली, असं मी मानतो. पुढे १८३० मध्ये मानचिन्हाच्या पहिल्या वर्गाला लाल गरुडाचा चौथा वर्ग म्हणून बढती मिळाली आणि खाली राहिलं ते चांदीचं गोल पदक. विल्हेल्म दुसऱ्यानं १८९० मध्ये सुवर्ण पदक आणलं, १९०० मध्ये क्रॉस आणला, १९१२ मध्ये कांस्य पदक आणलं आणि वर त्याच वर्षी सोन्याचा नि चांदीचा असा वेगळा ‘फेर्डीन्स्टक्रॉइट्स’ही, म्हणजे सेवेबद्दलचा क्रॉस. या बादशहाला सन्मान वाटायची भारी हौस! संग्राहकाच्या मात्र ती पथ्यावर पडते, कारण नुसत्या प्रकारावरून काळ ठरतो. कांस्य पदक हातात आलं आणि विकणारा ते जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्या काळातलं म्हणून सांगू लागला, तर निमूटपणे पुढच्या टेबलाकडे वळा. बिस्मार्क १८९८ मध्येच वारला.

आता चांदीचं पदक हातात घेऊ. एका बाजूला मुकुट आणि त्याखाली राजाची गुंफलेली आद्याक्षरं. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत तीन ओळी: ‘फेर्डीन्स्ट उम डेन श्टाट’, म्हणजे राज्याची सेवा. ना नाव, ना गाव, ना साल. आपल्याकडच्या संग्राहकाला हे खटकतं, कारण आपल्याला ब्रिटिश पदकांची सवय. पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणीच्या शिपायाचं पदक फिरवून बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं, आणि तेवढ्यावर माणूस शोधता येतो. प्रशियाचं पदक त्याबाबतीत मुकं.

बरं, ती तीन ओळींची अक्षरं तरी मुलकीच समजायची का? तेही नाही. १८६४ पर्यंत सैनिकी मानचिन्हाच्या पदकावरही हेच शब्द असत. त्या वर्षी सैनिकी पदकावर ‘क्रीग्स फेर्डीन्स्ट’, म्हणजे युद्धातली सेवा, आलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. त्याआधीचं पदक फितीवरून ओळखायचं. मुलकी फीत पांढरी, दोन्ही बाजूंना केशरी पट्टे, लाल गरुडाची असते तीच. सैनिकी फीत काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. आणि फीत तर बदलता येते! सैनिकी पदकाला जास्त भाव असतो, म्हणून मुलकी पदकाला काळी-पांढरी फीत लावून विकण्याचा मोह कुणालाही व्हावा. म्हणून या पदकांत धातूपेक्षा फितीकडे जास्त वेळ बघा, असा माझा आग्रह असतो.

फीत बघायची म्हणजे काय करायचं? एक, कडीखाली दबलेला भाग बाहेर ओढून बघा. शंभर वर्षं उजेड खाल्लेली फीत बाहेर फिकट आणि कडीच्या आत गडद असते, आणि कडीच्या वजनानं तिथे एक घडी कायमची पडलेली असते. सगळीकडे एकसारखा रंग असेल तर फीत नवी, निदान मागाहून लावलेली. दोन, अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा जांभळा दिवा तिच्यावर धरा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत आणि धुलाईच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं आली. असा धागा त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो, जुनं रेशीम नि सूत तसं चमकत नाही. फीतच नव्हे, शिवणीचा दोराही बघा. जर्मन मंडळी बरीच पदकं एका पट्टीवर ओळीनं शिवून घेत. जुनी अस्सल पदकं नव्या पट्टीवर मनासारखी जुळवून किंमत तिप्पट करायची, ही या धंद्यातली जुनी हातचलाखी. पदकं खरी, माणूस खोटा! अशा वेळी मागचा दोरा चुगली करतो. पट्टीच्या मागच्या कापडावर प्रत्येक पदकाचा ठसा उमटलाय का आणि तो त्या पदकाशी जुळतोय का, हेही तपासा.

धातूबद्दल थोडक्यात. अस्सल पदक ठशानं दाबलेलं असतं, अक्षरांच्या कडा धारदार आणि मोकळी जागा गुळगुळीत. ओतीव नकलेत अक्षरं लोण्यासारखी बसकी दिसतात आणि भिंगातून बारीक खड्डे दिसतात. कडी जिथे झाळून जोडलीय तो डाग पाहायला आपल्या ओळखीच्या सराफाइतका चांगला तज्ज्ञ नाही, त्याला दाखवा. फक्त कसोटीवर घासू देऊ नका, आणि घरी आणून चिंचेनं किंवा पावडरीनं उजळू तर मुळीच नका. ती काळी झाक घालवली की पदकाची निम्मी किंमत गेली.

आता माझं लाडकं पदक. ‘रेटुंग्समेडाय्ये’, जीव वाचवल्याबद्दलचं. १८०२ मध्ये फ्रीडरिश विल्हेल्म तिसऱ्यानंच ‘संकटातून सोडवल्याबद्दल’ एक पदक काढलं होतं, पण ते घरात ठेवायचं, छातीवर लावायचं नाही. १ फेब्रुवारी १८३३ रोजी फितीवर लावायचं पदक आलं, आणि ते स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाच. म्हणजे एकाच कामाची दोन पदकं, एक कडी नसलेलं, एक कडीचं. कडी नसलेल्याला मागाहून कडी डकवलेली नाही ना, एवढं पाहून घ्यायचं.

बिस्मार्क १८४२ च्या उन्हाळ्यात राखीव दलाच्या सरावासाठी लिपेनं या गावी होता. आज ते पोलंडमध्ये आहे, लिपियानी नावानं. तिथल्या तळ्यात त्याचा मोतद्दार बुडायला लागला, बिस्मार्कनं उडी टाकून त्याला बाहेर काढलं आणि त्याला हे पदक मिळालं. पुढे युरोपभरच्या राजांनी त्याला सन्मान दिले, पण हे छोटं चांदीचं पदक तो अभिमानानं लावत राहिला. राजकारणी म्हणून त्याच्याबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही, पण इथे त्याची निवड मला पटते.

राजेशाही १९१८ मध्ये गेली. नव्या जर्मन प्रजासत्ताकाच्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमानं राज्यानं सन्मान आणि मानचिन्हं द्यायलाच बंदी केली. जीव वाचवल्याबद्दलचं पदक मात्र १९२५ मध्ये प्रशियात परत आलं, राजाऐवजी गरुडाचं चित्र घेऊन.

मघाशी मी पदकाला मुकं म्हणालो. त्याला बोलतं करायचा रस्ता आहे, तो कागदाचा. प्रशियाच्या सरकारी राजपत्राच्या पहिल्या पानावर सन्मान मिळालेल्यांची यादी छापली जाई. वर लाल गरुडवाले, मग इतर, आणि तळाशी आपले सर्वसाधारण मानचिन्हवाले, प्रत्येकाचं नाव, व्यवसाय आणि गाव. मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयानं हे अंक जालावर खुले ठेवलेत. एक अडचण आहे. छपाई जुन्या गॉथिक वळणाची, त्यामुळे संगणक लांब ‘स’ला ‘फ’ वाचतो, तर शोध घेताना दोन्ही लावून पाहा. गंमत अशी, की प्रशियाच्या सैन्याचं दफ्तर पोट्सडाममध्ये होतं आणि १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातलं बहुतेक जळालं. राजपत्राच्या प्रती मात्र गावोगावच्या ग्रंथालयांत होत्या, त्या वाचल्या. त्यामुळे पदक मिळालेल्या सुभेदाराचा माग लागणं कठीण आणि शाळामास्तराचा सोपा! पदकासोबत त्याचं मूळ प्रमाणपत्र असेल तर दुप्पट पैसे मोजा, मी तरी मोजतो. नुसतं पदक कितीही लखलखीत असो, मी हात आखडता घेतो.

नवख्यांनी सुरुवात कशानं करावी, असं विचारलं जातं. ५ डिसेंबर १९१६ ला सुरू झालेला युद्धसाहाय्य क्रॉस घ्या. तोवर नाकेबंदीनं जर्मनीत तांब्याचा दुष्काळ पडला होता, म्हणून हा क्रॉस जस्ताचा. घरच्या आघाडीवर राबणाऱ्यांना दिला, हुद्दा पाहिला नाही, आणि बायकांनाही दिला. पांढऱ्या फितीवर सहा काळे पट्टे नि लाल कडा. भरपूर निघाले म्हणून स्वस्तात मिळतात, आणि प्रमाणपत्रासहही परवडतात. जस्ताला दमट हवा सोसत नाही, पांढरी बुरशीसारखी पूड धरते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटात घालू नका, ती चिकट होतात.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू समजतात आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. पदकं बाहेरून घेताना हे लक्षात असू द्या, कारण उद्या कंटाळा आला म्हणून बर्लिनच्या लिलावात परत पाठवायची म्हटलं तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागेल. प्रश्न असतील तर घेऊ, आणि टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्यात, जांभळा दिवाही आहे. त्यातली एक जुळवलेली आहे. कोणती ते तुम्हीच शोधा.