खुनी कोण ते कळलं तरी

मंडळी, लायब्ररीतनं रहस्यकथा आणायची आणि तिसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं 'खून अमक्यानं केलाय' असं लिहून ठेवलेलं असायचं, हा अनुभव इथं बऱ्याच जणांना असणार, आणि लिहिणारे महाभागही दोन-चार बसलेले असतील बघा. तरी आपण पुस्तक वाचतोच की. रहस्यच संपलं तर वाचतो कशाला? माझं म्हणणं, आपल्याला तो डिटेक्टिव्ह हवा असतो, आणि त्याच्या ज्या सवयींना आपण हसतो ना, त्यातनंच त्याला उत्तर सापडत असतं.

आता पॉयरो घ्या. अगाथा ख्रिस्तीनं १९२० साली पहिल्याच कादंबरीत आणला हा माणूस, अंड्यासारखं डोकं, मिशा टोकदार, आणि पहिल्या महायुद्धात बेल्जियममधनं परागंदा झालेला रिटायर पोलीस. नीटनेटकेपणाचं याला वेडच. वाकडी वस्तू दिसली की हात गेलाच. तर त्या पुस्तकात तो पत्त्यांचे बंगले बांधत बसलाय, आणि त्याचा मित्र हेस्टिंग्ज सहज म्हणतो, तुझा हात थरथरताना मी एकदाच बघितला, त्या खोलीत शेकोटीवरच्या फळीवरल्या वस्तू सारख्या करत होतास तेव्हा. झालं, पॉयरो उठून पळतच सुटला! कारण सकाळी त्यानं त्या वस्तू एकदा सरळ केल्या होत्या, मग परत सरळ करायची वेळ का आली? मधे कुणीतरी हात लावला होता. पुरावा तिथंच. नाव सांगत नाही, पेन्सिलवाल्यांचं काम मी कशाला करू.

ख्रिस्तीचीच दुसरी डिटेक्टिव्ह, म्हातारी मिस मार्पल, तर आपल्या शिवाजी पेठेतच राहात असावी असं वाटतं. कादंबरीत ती आली १९३० ला. हातात विणकाम, आणि समोरचा माणूस बघितला की तिला तिच्या खेड्यातला कुणीतरी आठवतो, हा अगदी त्या अमक्यासारखा वागतोय, आणि संशय तिथनंच. आपल्याकडं याला चांभारचौकशी म्हणतात, तिकडं स्कॉटलंड यार्ड ऐकून घेतंय.

चेस्टरटनच्या गोष्टींतला डिटेक्टिव्ह फादर ब्राऊन हा पाद्री, आयुष्यभर लोकांची पापं ऐकलेला, त्याला चोर काय नवीन सांगणार?

होम्सबद्दल जास्त बोलत नाही, तो सगळ्यांना पाठ आहे. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत त्याला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा माहीत नसतं, पण सिगारच्या राखेवर पुस्तिका लिहिलेली. आणि सोबत मित्र वॉटसन पाहिजेच, नाहीतर या हुशार माणसाला प्रश्न विचारणार कोण? म्हणून तर बाबूराव अर्नाळकरांनीसुद्धा आपल्या धनंजय डिटेक्टिव्हला जोडीला छोटू दिला.

आता वेब सिरीजमधे काय, डिटेक्टिव्ह दारू पितोय, बायको सोडून गेलीय, रात्री झोप नाही. बरं बाबा, वाईट वाटलं. पण त्या दारूचा त्या केसशी काय संबंध? केस सुटते सीसीटीव्हीवर नाहीतर मोबाईल लोकेशनवर, मग हा नसता तरी एखाद्या हवालदारानं सोडवलीच असती की ती.